निरागसता हरवली कुणाची?

हेमिंग्वेच्या ‘इंडियन कॅम्प’ (१९२४) या कथेवर आपण ठरलेलं उत्तर लिहितो : छोट्या निकची निरागसता हरवते. मला हे पटत नाही. अडलेल्या आदिवासी बाईचं पोट निकचे डॉक्टर वडील भूल न देताच, खिशातल्या चाकूने उघडतात. तिच्या किंकाळ्या त्यांच्या लेखी महत्त्वाच्या नाहीत. बाळ सुखरूप आलं म्हणून ते खुशीत असतात. मग दिसतं, वरच्या फळीवर तिच्या नवऱ्याने गळा चिरून घेतलाय. वडिलांचा सगळा तोरा उतरतो. ते मुलाची माफी मागतात. परतताना नावेत निकला मात्र पक्की खात्री वाटते, आपण कधीच मरणार नाही. म्हणजे पोरगं अजून निरागसच आहे. ‘सगळं माझ्या हातात आहे’ हा भाबडेपणा बापाचा गेला. पुढच्या वेळी उत्तर लिहाल, तेव्हा त्या बापाकडेही बघा.