दोन किलोमीटरांची नीति

साथीच्या सबंध काळांत आपण एकही नियम मोडला नाहीं, असें विलेपार्ल्यांतील एक सद्गृहस्थ परवां चारचौघांत मोठ्या समाधानानें सांगत होते. टाळेबंदींत ते दोन वेळां सहकुटुंब कोंकणांतल्या आपल्या वाडींत जाऊन आले, परंतु प्रत्येक वेळीं रीतसर ई-पास काढून. कारणाच्या रकान्यांत 'वैद्यकीय निकड' असें लिहिलें होतें, आणि ती निकड कोणाची हें सांगतांना त्यांना स्वतःलाच हंसूं आलें. त्याच बैठकींत त्यांच्या घरीं पोळ्या करणाऱ्या बाईंची गोष्ट निघाली. २०२० च्या जूनअखेर ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन पहाटे जुहूच्या समुद्राकडे चालत निघाली होती. उड्डाणपुलाशीं पोलिसानें पत्ता विचारला आणि तिला परत पाठविलें. 'असल्या बेजबाबदार लोकांमुळेंच साथ पसरली,' हा आमच्या सद्गृहस्थांचा निकाल. बैठकींतल्या कोणालाही तो खटकला नाहीं. आम्हांला खटकला, म्हणून हा लेख.

ज्या आदेशामुळें त्या बाईला परतावें लागलें तो आतां विस्मृतींत जात चालला आहे, यास्तव त्याची हकीकत थोडक्यांत देतों. ३१ मे २०२० रोजीं राज्य सरकारनें निर्बंध सैल करण्याचा क्रम जाहीर केला व मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीं त्या प्रसंगीं 'पुनश्च हरिओम' हे टिळकांचे शब्द योजिले. त्या क्रमांत ३ जूनपासून समुद्रकिनारे, बागा व मैदानें येथें पहाटे पांच ते सायंकाळीं सात या वेळांत चालण्याधांवण्यास मोकळीक मिळाली. महिना पुरा होतो न होतो तोंच, २८ जूनला, मुंबई पोलिसांनीं नवा दंडक घातला : बाजारहाट, केशकर्तन, व्यायाम यांपैकीं कशाहीसाठीं घरापासून दोन किलोमीटरांपलीकडे जावयाचें नाहीं, कचेरी व वैद्यकीय निकड एवढेच अपवाद. हजारों वाहनें जप्त झालीं, नाक्यानाक्यावर रांगा लागल्या, आणि आठवडा संपण्याच्या सुमारास तो आंकडा मागें घेऊन त्याच्या जागीं 'लगतचा परिसर' अशा अर्थाचे मोघम शब्द घालण्यांत आले. म्हणजे बाईचा अपराध पुरता आठवडाभरही अपराध राहिला नाहीं.

हा रोग एका माणसाच्या श्वासांतून दुसऱ्याच्या श्वासांत जातो. कोंदट खोलींत तो बळावतो, मोकळ्या वाऱ्यांत विरतो. हें तेव्हां कोणाला ठाऊक नव्हतें म्हणावें, तर मग ३ जूनला किनारे कशासाठीं उघडले? रोगाचा प्रश्न 'किती जवळ' असा होता. आदेशानें उत्तर दिलें 'किती लांब' याचें. परिणामीं पार्ल्याच्या पूर्वेस स्टेशनाजवळच्या बाजारांत खांद्याला खांदा लावून भाजी निवडणें हें वर्तुळाच्या आंतलें, म्हणून निर्दोष. आणि जुहूच्या रुंद वाळूवर, समोरून येणाऱ्या वाऱ्यांत, मुलांचे हात धरून घटकाभर उभें राहणें हें वर्तुळाबाहेरचें, म्हणून दोषास्पद. पश्चिमेस जुहू-पार्ले योजनेंत ज्याचा बंगला आहे त्याला तोच समुद्र चार पावलांवर. त्याचें फिरणें नियमांत बसलें, यांत त्याच्या विवेकाचा वाटा किती आणि जागेच्या भावाचा किती, हें वाचकांनींच ठरवावें. विमानतळाच्या भिंतीला टेकलेल्या वस्तींत दहा बाय दहाच्या खोलींत सहा सहा माणसें राहतात. त्यांना 'घरीं रहा' म्हणणें म्हणजे गर्दींत रहा म्हणणें होय. त्यांच्या पत्र्यांवरून २५ मेपासून विमानें पुन्हां उडूं लागलीं होतीं. तिकिटाचे पैसे असणाऱ्यानें बंद डब्यांत शेजाऱ्याला खेटून दिल्ली गांठावी, हें मान्य. पोळ्या करणारीनें पायीं समुद्र गांठावा, हें अमान्य!

यावर आक्षेप येईल तो आम्हांला ठाऊक आहे. प्रत्येकानें आपापल्या अकलेनें नियमाचा अर्थ लावावयाचें ठरविलें तर साथ आवरावयाची कशी? आक्षेप रास्त आहे, आणि आम्ही निर्बंधांच्या विरुद्ध मुळींच नाहीं. लोकल बंद ठेवली, सभा-समारंभ थांबविले, तें योग्यच झालें. पण ज्या निर्बंधाचें कारण त्याच्या तोंडावर लिहिलेलें असतें तो पाळून घेण्यास नाकेबंदी लागत नाहीं. त्याच आठवड्यांत, १ जुलैला, आषाढी एकादशी होती. त्या वर्षीं पायीं वारी निघाली नाहीं, पादुका एस. टी. गाडींतून पंढरपुरास नेण्यांत आल्या, बरोबर मोजकेच वारकरी. ज्यांनीं जन्मभर वारी चुकविली नव्हती अशा लोकांनीं तें सोसलें. लाखोंची दाटी म्हणजे रोगाला आवतण, हें त्यांना कोणीं समजावून सांगण्याची गरजच पडली नाहीं.

याउलट नुसत्या दांडग्या बंदोबस्ताचें काय होतें, हें महाराष्ट्राला दुसऱ्या कोणीं शिकवावयास नको. २०२० चे हुकूम ज्या कायद्यांच्या आधारें निघाले त्यांतला एक १८९७ चा साथरोग कायदा. १८९६ मध्यें मुंबईंत मांडवी भागांत प्लेग उघडकीस आल्यावर तो घाईघाईनें करण्यांत आला, व आगगाडीच्या उतारूंची तपासणी करण्याचा अधिकार त्यांत प्रथमपासूनच आहे. पुण्यांत गोऱ्या शिपायांनीं घराघरांची झडती घेतली, तेव्हां लोक रोगी लपवूं लागले; शेवट रँडच्या खुनापर्यंत मजल गेली. पण त्याच प्लेगाची दुसरी बाजू आमचे सद्गृहस्थ सोयीनें विसरतात. ज्यांना शक्य होतें ते शहर सोडून पळाले, आणि पळणाऱ्यांबरोबर प्लेगही गांवोगांवीं गेला. टिळक पुण्यांतून हलले नाहींत. जे पुढारी निघून गेले त्यांना त्यांनीं बोल लावले. पार्ल्यांत टिळकांच्या नांवाचें मंदिर आहे, विद्यालय आहे. ज्यांचीं मुलें त्या विद्यालयांत शिकलीं त्यांनीं ई-पास काढून साथीच्या शहरांतून वाडीवर जावें, आणि पास असल्यामुळें आपण निष्कलंक आहों असें मानावें!

कारण खरी विचारणा एवढीच आहे : माझ्या जाण्यानें अपाय व्हावयाचा तर तो कोणाला? पहाटेच्या किनाऱ्यावर त्या बाईनें कोणाला काय अपाय केला असता? वाडीची राखण करणारा गडी, त्याची म्हातारी, गांवचा दुकानदार, आणि या सर्वांसाठीं मिळून एक आरोग्यकेंद्र. तेथें मुंबईहून गाडीभर माणसें उतरणें यांत अपाय नाहीं असें कोण म्हणेल? २०२० च्या एप्रिलांत वाधवान कुटुंब धरून २३ माणसें खंडाळ्याहून महाबळेश्वरास गेलीं, तेव्हां त्यांच्याजवळही गृहखात्यांतील एका वरिष्ठ अधिकाऱ्याचें पत्र होतें. कारणही 'निकड' असेंच होतें. सारा महाराष्ट्र संतापला, अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठविण्यांत आलें. पार्ल्याच्या दिवाणखान्यांतूनही त्या वेळीं पुष्कळ संताप व्यक्त झाला. तो आपल्या स्वतःच्या ई-पासपर्यंत मात्र पोंचला नाहीं.

हें लिहितांना आम्ही स्वतःस वगळीत नाहीं. त्या आषाढीला आमच्या वडिलांनीं समुद्र दाखव म्हणून सांगितलें. वय ७८, मार्चपासून उंबऱ्याबाहेर पाऊल नाहीं. पंढरी नाहीं तर निदान तेवढें तरी, असें म्हणाले. पासष्टांवरच्यांनीं घरांतच रहावें असा निराळा आदेश होता व तो त्यांच्याच जिवासाठीं होता, हें आम्ही जाणतों. परंतु पहाटे गाडीची काच खालीं करून, वाळूवर पाय न ठेवतांही समुद्र दिसतो. आम्हीं नकाशा काढला, हनुमान रस्त्यावरून अंतर मोजलें, तें दोन किलोमीटरांहून थोडें अधिक भरलें, आणि तसें त्यांना सांगितलें. त्यांनीं पुन्हां विषय काढला नाहीं. दंडक उठल्यावर आम्हांला आठवण राहिली नाहीं. मग पाऊस, मग थंडी, मग दुसरी लाट.

२०२१ च्या चैत्रांत ते गेले. घराबाहेर ते गेले नव्हते, घरीं कोणी आलें नव्हतें. बाहेर जात होतों ते आम्हीच, आणि तेंही बाजारापुरतें. बाजार आमच्या घरापासून अर्ध्या किलोमीटरावर आहे.