रंग दिसला, बटण दाबलं!

ऐन पीएलमध्ये रूमवर 'लाइफ इज स्ट्रेंज : ट्रू कलर्स' (२०२१) हा गेम संपवला. (सर, अभ्यासही केला!) कोलोरॅडोतल्या एका काल्पनिक गावात ॲलेक्स चेनचा भाऊ गेब दरड कोसळून मरतो. ॲलेक्सला इतरांच्या भावना रंगांत दिसतात. राग लाल, दुःख निळं, भीती जांभळी, आनंद सोनेरी. गाव झकास रंगवलंय, एरिका मोरीचा आवाजही मस्त. पण मित्रहो, माझी तक्रार त्या रंगांबद्दलच आहे. रंग दिसला, बटण दाबलं की समोरच्याच्या मनातलं सगळं ऐकू येतं. इतकं सोपं असतं होय?

एक प्रसंग मात्र खरा वाटला. आपल्या मुलाला वाचवायला गेलेला गेब मेला, म्हणून शार्लट पोटच्या पोरावरच चिडलीय. तिचा राग ॲलेक्स काढून घेऊ शकते. मी घेतला. बाई शांत नाही झाली, बधिर झाली. असे प्रसंग आणखी हवे होते.

आमचा रूमपार्टनर दोन केटी लागल्यावर मेसला यायचा बंद झाला. आम्ही म्हटलं, पैसे वाचवतोय. त्याच्याभोवती कुठलाच रंग नव्हता. मी विचारलं ते नवव्या दिवशी.