घरची बाग : आमरीची टोपली

नांदेडच्या एका वाचक भगिनींनीं विचारलें आहे कीं, पुण्याहून हौसेनें आणलेलें आमरीचें झाड दोन महिन्यांत कुजूं लागलें, तें कां? कुंडी चांगली चिनी मातीची होती, आणि माती शेतांतली, सकस. उत्तर या प्रश्नांतच आहे. लातुरांत माझें पहिलें झाड मींही याच रीतीनें घालविलें, तेव्हां हंसण्याचा अधिकार मला नाहीं.

आपली काळी जमीन ज्वारी-हरभऱ्याची माउली खरी. परंतु आमरी, जिला हल्लीं सर्वजण ऑर्किड म्हणतात, तिच्या घरांत लावावयाच्या बहुतेक जाती मूळच्या वृक्षांच्या खोडांवर राहणाऱ्या. त्यांतील एका कुळाचें ‘वांदा’ हें शास्त्रीय नांव संस्कृतांतून आलेलें आहे. ‘वन्दा’ म्हणजे बांडगूळ. नांव अन्यायाचें आहे. ती वृक्षाचा रस शोषीत नाहीं, केवळ आश्रय घेते. तिच्या मुळांवर स्पंजासारखें पांढुरकें आवरण असतें. तें पावसाचें पाणी चटकन् टिपतें आणि मग वाऱ्यावर सुकतें. चिकण मातींत तीं मुळें गुदमरतात.

म्हणून भांडें असें हवें कीं, ज्यांत भिंतींपेक्षां फटी अधिक. सुताराकडून सागाचे उरलेले वीस तुकडे मागून घ्यावे, वीतभर लांब व बोटभर जाड. सोळा तुकड्यांच्या दोन्ही टोकांस भोकें पाडावीं. दोन तुकडे समोरासमोर, त्यांवर दुसरे दोन आडवे, अशी चौकट रचीत जावी आणि चारी कोपऱ्यांतून ॲल्युमिनियमची जाड तार ओवावी. उरलेले चार तळाशीं फटी ठेवून ठोकावे. तांब्याची तार नको. तांबें या मुळांना बाधतें. रंगरोगणही नको. आंत धुतलेल्या कोळशाचे व विटेचे लिंबाएवढे तुकडे घालावे, आणि मुळें धरेपर्यंत झाड सुती चिंधीनें बांधावें. लहान रोपास नारळाची करवंटीही चालते. तळाला व बाजूंना भोकें मात्र हवींत.

आतां खरी अडचण. वैशाखांत आपल्याकडे असलें उघडें भांडें पाहतां पाहतां सुकतें. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी आलें. पहिल्या खेपेस १० वाघिणी, सुमारें ५ लाख लिटर. त्या दिवसांत सासूबाईंनीं विचारलें, “अग, माणसांना पाणी नाहीं, आणि या टोपल्यांचे लाड?” मला उत्तर सुचलें नाहीं. तेव्हांपासून मीं शिंपणें सोडलें. सकाळीं एकाच बादलींत टोपल्या पाळीपाळीनें दहा मिनिटें बुडवितें, निथळवितें, आणि तेंच पाणी तुळशीला घालतें. सासूबाईंची तक्रार तुळशीपुढें टिकली नाहीं! विंधन-विहिरीचें जड पाणी मात्र शक्यतों टाळावें. क्षारांचा पांढरा थर मुळांवर बसतो. पागोळ्यांचें पाणी पिंपांत झांकून ठेवावें. टोपली पूर्वेच्या ओसरींत टांगावी; दहानंतरचें ऊन लागूं देऊं नये.

नांदेडच्या भगिनींनीं झाड टाकण्यापूर्वीं मुळें बोटांनीं चेपून पाहावीं. दोन-तीन जरी टणक लागलीं, तरी पिळपिळीत काळीं मुळें स्वच्छ कात्रीनें छाटावीं, झाड दोन दिवस सावलींत कोरडें ठेवावें आणि मग टोपलींत बसवावें.