मागचे पुसट, पुढचे ठळक



नांदुरीच्या शिवारात, उन्हाळ कांद्याच्या वाफ्यात उभे राहा. एक बोट डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर धरा आणि त्याच्या पेराकडे टक लावून पाहा. मागचा सप्तशृंगीचा डोंगर धूसर होईल. आता डोंगराकडे पाहा, बोट पुसट होईल. दोन्ही एकदम स्वच्छ दिसत नाहीत. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. एका ठरावीक अंतरावरचेच चित्र त्यात नेमके उमटते. त्याच्या पुढेमागे थोडा पट्टा स्वच्छ येतो, बाकीचे पुसट.

हा पट्टा कमी-जास्त करता येतो. भिंगामागचे भोक मोठे ठेवले तर पट्टा अरुंद, लहान केले तर रुंद. सुई ओवताना आजी डोळे बारीक करते, त्यातही हेच तत्त्व आहे. वस्तूच्या जवळ गेलात तरी पट्टा अरुंद होतो. बहुतेक मोबाइलमधले भोक बदलता येत नाही, म्हणून आपल्या हातात राहते ते अंतर.

करून पाहा. कांद्याच्या एका रोपाचा फोटो दहा पावलांवरून घ्या. रोप, बांध, डोंगर सारे स्वच्छ येईल. मग उकिडवे बसून वीतभर अंतरावरून घ्या. पात ठळक येईल, डोंगर विरघळेल. मात्र आता स्वच्छ पट्टा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ झालेला असतो. पात तिरपी असेल तर शेंडा स्पष्ट आणि बुडखा पुसट येतो. म्हणून मोबाइल पातीला समांतर धरा.

ही नुसती हौस नव्हे. पातीवर पांढुरके ठिपके दिसले की फोटो काढून कोणाला तरी सल्ला विचारण्याची आता रीत झाली आहे. फुलकिडे पात खरवडून रस पितात, त्याचे चट्टे चंदेरी-पांढरे दिसतात. जांभळा करपाही आधी लहान, पांढरट, खोलगट ठिपक्यांनी सुरू होतो, मधला भाग जांभळा नंतर पडतो. एक कीड, दुसरी बुरशी. दोघांची औषधे वेगळी. फोटो पुसट असला तर पाहणारा अंदाजाने सांगतो, फवारणी वाया जाते, आणि मजुरी व औषधाचा पैसा मातीत जातो.

मीही एकदा असाच फोटो पाठवला होता. ढेकूळ स्वच्छ आले होते, पात धुरकट! पात बारीक असल्यामुळे कॅमेऱ्याने मागची माती धरली होती. तेव्हापासून पातीमागे तळहात धरतो आणि काचेवर पातीच्याच जागी बोट टेकवतो. फार जवळ गेल्यास काहीच नेमके येत नाही, अशा वेळी थोडे मागे सरकतो. फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटरचा आणि पातीच्या बेचक्यात लपणारा, म्हणून बेचके उघडून वेगळा फोटो घ्यावा.

मोबाइलमध्ये ‘पोर्ट्रेट’ नावाची सोय असते. ती बऱ्याचदा हिशेब करून मागचे चित्र पुसते. लग्नात सुनेचा फोटो त्यात छान दिसतो, क्वचित पदराचा काठ आणि केसांची बट तेवढी खाल्ली जाते. पण रोगाच्या फोटोला ती सोय वापरू नका. पातीची कडाच पुसली गेली तर विचारायचे काय उरले?

गारपिटीच्या नुकसानीचा फोटो तर अगदी उलट हवा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आपण विसरलेलो नाही. तेथे एक मोडलेले रोप ठळक आणि मागे धुके, असा फोटो कशाचा पुरावा? थोडे दूर उभे राहा. आडवे पडलेले पीक, विहीर, बांधावरचे झाड, मागचा डोंगर सारे एका चौकटीत स्वच्छ येऊ द्या. शेत कोणते ते फोटोनेच सांगितले पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. ती पाहून त्यांच्या कामावर भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. एका रोपाकडे नीट पाहण्याची किंमत एवढी असते.

तेव्हा उद्या शेतात गेल्यावर एकाच रोपाचे दोन फोटो काढा, एक जवळून, एक दुरून. घरी सर्वांना दाखवा आणि विचारा, कोणता फोटो काय सांगतो?