गिझर गळण्याआधी त्यातला ‘अ‍ॅनोड’ पाहिलात का?

थंडी पडली की गिझर गळण्याच्या तक्रारी सुरू होतात आणि सगळा दोष पाण्याला दिला जातो. पिंपळे सौदागरमध्ये त्यात तथ्यही आहे. महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला, तेव्हापासून अनेक सोसायट्यांची भिस्त बोअर आणि टँकरवर आहे. पण टाकी वाचवणारा एक सुटा भाग गिझरमध्ये आधीच असतो. तो आपण बघतच नाही.

हा भाग म्हणजे मॅग्नेशियमची कांडी, अर्थात अ‍ॅनोड रॉड. साठवणीच्या गिझरची टाकी बहुधा पोलादाची असते आणि आतून काचेसारखा थर दिलेला असतो. त्या थराला बारीक तडा गेला की पाणी पोलादाला भिडतं. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतं. त्यामुळे दोन्ही धातू एकमेकांना जोडलेले आणि एकाच पाण्यात असले, की मॅग्नेशियम विरघळतं आणि पोलाद टिकतं. जमिनीखालच्या पोलादी वाहिन्या आणि जहाजंही अशीच वाचवतात.

युक्ती जुनी आहे. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश आरमारासाठी जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा जस्त आणि लोखंड जोडून वाचवला. गंमत अशी, की न झिजणाऱ्या तांब्यावर शिंपले चिकटले आणि जहाजं मंदावली!

एक मर्यादा लक्षात घ्या. कांडीला पाणी किंवा ओली माती लागते. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा लोखंडी पूल कोसळल्यावर अशा पुलांच्या गंजाची चर्चा झाली, पण हवेतल्या लोखंडाला अशी कांडी उपयोगाची नाही. तिथे रंग किंवा जस्ताचा मुलामाच हवा आणि वेळच्या वेळी तपासणी.

क्षार जास्त असलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून आपल्याकडे कांडी लवकर संपते. सॉफ्टनर बसवला तरी ही झीज थांबत नाही, कारण कॅल्शियम गेलं तरी त्याजागी सोडियम येतं. कांडी संपली की गंज थेट टाकीवर येतो, आणि गंजून भोक पडलेली टाकी सहसा दुरुस्त होत नाही.

सर्व्हिसिंग म्हणजे क्षार खरवडणं, एवढ्यावर ग्राहकाने समाधान मानू नये. वर्षातून एकदा वीज बंद करवून तंत्रज्ञाला कांडी बाहेर काढून दाखवायला सांगा. आतली तार उघडी पडली असेल तर ती लगेच बदला. वार्षिक देखभाल करारात कांडीचा समावेश आहे का, हेही पैसे भरण्याआधी विचारा. बदलल्याची तारीख गिझरवरच मार्करने लिहून ठेवा. भाडेकरू बदलला तरी ती पुढच्याला दिसेल.