न मिळालेले उत्तर

1991 साली माझी बदली गडचिरोली जिल्ह्यातील धानोऱ्याच्या शाखेत झाली. चोहीकडे जंगल, पावसाळ्यात नाल्यांनी अडणारा रस्ता आणि शाखेत आम्ही चार माणसे. आमचे कॅशियर ख्रिस्ती, चंद्रपूरकडचे. त्यांच्या मुलीला सिकलसेल होता. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. आजार आई आणि वडील दोघांकडून मिळून येतो. ते दोघे मात्र बहुधा धडधाकट असतात.

रात्री-अपरात्री पोरीला कळ उठली की त्यांच्या घरी प्रार्थना सुरू होई. शेजारी म्हणून मीही जाऊन बसे. एकदा बाहेरगावचे एक उपदेशक आले. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली. महिन्याभराने पुन्हा कळ आली, तेव्हा ते म्हणाले, "या घरात विश्वास कमी पडतो आहे." त्या क्षणी खाली गेलेली तिच्या आईची मान मला अजून दिसते. चौदाव्या वर्षी मुलगी गेली.

पुढे पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना ती मान पुन्हा आठवली. 1870 च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंच्या आईवडिलांनी तीर्थे केली, दानधर्म केला, देवांना आळवले. तरी वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. 1883 मध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, केडगावला मुक्ती मिशन उभारून शेकडो निराधार स्त्रियांना आसरा दिला. तरीही जुलै 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा चाळिसाव्या वर्षी गेली. रमाबाईंचा विश्वास कमी पडला, असे म्हणण्याची कुणाची छाती आहे? त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या; भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

बायबलमध्येच ईयोबाची गोष्ट आहे. तुझ्या पापामुळेच हे दुःख आले, असे त्याला सांगणाऱ्या मित्रांवर शेवटी देव रागावतो, ईयोबावर नाही. खुद्द येशूने गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. तो टळला नाही.

मी आयुष्यभर खाती तपासली. जमा इतकी, म्हणून येणे इतके, हा हिशेब बँकेत शोभतो. आजाऱ्याच्या उशाशी नाही. प्रार्थना जरूर करावी, पण तिच्याबरोबर रक्ताची सोय करावी, गाडी आणावी, लग्नाआधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. याच धानोरा तालुक्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या दवाखान्याला आदिवासींच्या माँ दंतेश्वरीचे नाव आहे. देव आणि दवा यांचे भांडण तिथे कुणी लावत नाही.

मुलगी गेल्यावर आठ दिवसांनी कॅशियर कामावर आले. मी भीतभीत विचारले, "अजून प्रार्थना करता?"

नोटा मोजता मोजता ते थांबले. "करतो जी, साहेब. मागायचं काही राहिलं नाही. पण बोलायला तोच तर आहे."

अशा माणसाला विश्वास शिकवायला जाऊ नये. त्याच्याजवळ नुसते बसावे.