कॉम्प्रेसर आधी कागदावर निवडा

संगणकाचा प्रोसेसर घरच्या घरी शून्याच्या खाली नेणाऱ्यांचा वर्ग छोटा, पण जिद्दी आहे. फ्रिजमधले चक्रच हे लोक प्रोसेसरवर बसवतात. कॉम्प्रेसर वायू दाबतो, कंडेन्सरमध्ये त्याचा द्रव होतो, कॅपिलरीतून जाताना दाब उतरतो आणि प्रोसेसरवर टेकवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यात तो द्रव उकळून उष्णता ओढून घेतो. यातला ठोकळा लोक आठवडेच्या आठवडे घासत बसतात, कॅपिलरीची लांबी बोटाबोटाने ठरवतात. कॉम्प्रेसर मात्र हाताला लागेल तो घेतात. माझा आक्षेप नेमका यालाच आहे.

पहिला युक्तिवाद नेहमीचा: “फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर पुरतो. पाण्याचा बर्फ करणाऱ्याला एक चिप थंड करणे काय अवघड?” हिशेब मांडून पाहू. २५ अंशांवरचे एक लिटर पाणी शून्यावर आणायला सुमारे १०५ किलोज्यूल आणि गोठवायला ३३४, म्हणजे एकूण ४३९ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. फ्रिज हे काम चार तासांत करत असेल, तर सरासरी पडते जेमतेम ३० वॅट. २०० वॅट खाणारा प्रोसेसर तेवढीच उष्णता ३७ मिनिटांत बाहेर टाकतो, आणि त्यानंतरही थांबत नाही. फ्रिजला भोवती जाड इन्सुलेशन असते, थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला मधूनमधून विश्रांती देतो. प्रोसेसर भरात असताना अशी विश्रांती कुठली?

मग दुसरे टोक येते: “एसीचा टनाचा कॉम्प्रेसर लावा. जास्त असला तर बिघडते काय?” बिघडते. एक टन म्हणजे ३,५१७ वॅट खरे, पण ते बाष्पक, म्हणजे द्रव उकळतो तो भाग, सात अंशांच्या आसपास असताना. त्याच्यापुढे अडीचशे वॅटचा भार ठेवला की नाकापेक्षा मोती जड होतो. सक्शनचा, म्हणजे वायू आत ओढणाऱ्या बाजूचा, दाब खाली जातो, दोन्ही बाजूंच्या दाबांतली तफावत वाढते, बाहेर पडणारा वायू भाजून निघतो आणि तेल खराब होऊ लागते. उलट संगणक रिकामा बसला की द्रव पुरता उकळत नाही आणि तसाच परत कॉम्प्रेसरकडे धावतो. द्रव दाबला जात नसतो. तुटतात ते कॉम्प्रेसरचे आतले भाग. मोठ्या भारासाठी मोजून निवडलेला, एसीत असतो तशा रोटरी जातीचा छोटा कॉम्प्रेसर उत्तम चालतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. माझे भांडण रोटरीशी नाही, न मोजता लावण्याशी आहे.

तिसरा गैरसमज सर्वांत चिवट: एचपी म्हणजे थंडावा. एचपी मोटरबद्दल सांगते, किती उष्णता उचलली जाईल ते सांगत नाही. फ्रिजच्या चक्रात फिरणारा आर-१३४ए वायू सात अंशांना उकळतो तेव्हा उणे २३ अंशांच्या मानाने सुमारे तिप्पट दाट असतो. सिलिंडर तोच, फेरेही तेच, पण थंडी वाढली की प्रत्येक फेऱ्यात हाती येणारा वायू एक तृतीयांशावर येतो. म्हणूनच फ्रिजचे आणि एसीचे कॉम्प्रेसर वेगळ्या तापमानांवर तोलले जातात. दोघांच्या नेमप्लेटवर एकच एचपी असला, तरी उणे ३० अंशांवर दोघे सारखे काम करतील असे मुळीच नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात विक्रेता दोन वायरी जोडतो, कॉम्प्रेसर घरघरतो, आणि तो तुमचा अंगठा डिस्चार्जच्या नळीवर ठेवायला लावतो. अंगठा उडाला की सौदा पक्का! या परीक्षेतून यंत्र हवा दाबते एवढेच कळते. शेजारची सक्शनची नळी किती महिने उघडी पडली होती, हे अंगठ्याला कसे कळणार? आर-१३४एच्या कॉम्प्रेसरमधले एस्टर तेल हवेतला ओलावा भराभर शोषते. पुढे तोच ओलावा कॅपिलरीच्या तोंडाशी गोठून वाट अडवतो.

मग निवड करावी कशी? सुरुवात भारापासून. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १२५ वॅटची चिप ४ वरून ५ गिगाहर्ट्झवर आणि १.२ वरून १.५ व्होल्टवर नेली, तर ती २४४ वॅटपर्यंत जाते. नळ्यांतून आणि बोर्डातून शिरणाऱ्या उष्णतेसाठी पाचवा हिस्सा वर धरा: सुमारे २९० वॅट. मग ठोकळ्याचे तापमान ठरवा आणि निर्मात्याच्या तक्त्यात त्याच तापमानासमोरचा आकडा वाचा. तक्ता ६० हर्ट्झचा असेल तर आपल्या ५० हर्ट्झसाठी सुमारे एक षष्ठांश वजा करा. यानंतर वायू आणि तेलाचा मेळ बघा. नव्या फ्रिजमधला आर-६००ए कमी दाबाचा असल्याने त्या कॉम्प्रेसरचा सिलिंडर मोठा आणि मोटर हलकी असते. त्यात प्रोपेन भरला की मोटरवर पेलवणार नाही इतका ताण येतो. शिवाय प्रोपेन पेट घेतो, हे कधीही विसरू नका. कॅपिलरीवर चालणारा कॉम्प्रेसर बंद केल्यावर दाब समान होईपर्यंत काही मिनिटे थांबूनच पुन्हा सुरू करा.

एवढा आग्रह कशासाठी? चुकलेला कॉम्प्रेसर बदलताना नळी कापावी लागते, आणि आतला वायू पंपाने बाटलीत परत घेण्याऐवजी बहुतेक जण तो हवेत सोडून देतात. आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापवतो. एका चिपच्या थंडाव्यासाठी आपण आकाश तापवावे, हे मला पटत नाही. हा छंद मला प्रिय आहे, म्हणूनच सांगतो: कागदावरची बेरीज अर्ध्या तासात होते, ती झाल्याशिवाय बाजारात पाऊल टाकू नका.